हळद्याची वंशावळ

बरेच विकांत लिहायचं म्हणतोय आणि राहतंय. आज मात्र योग आहे. बाहेर सोलापूरचं ४३ अंशांचं ऊन, आत कूलर, आणि माझ्या पायावर हनुवटी टेकवून हळद्या घोरतोय. हलता येत नाही, तेव्हा लिहितो. विषय अर्थातच हळद्याचं घराणं.

हळद्या म्हणजे आमचा गोल्डन रिट्रीव्हर. वय अडीच वर्षं, वजन ३१ किलो. आणला तेव्हा धाकटीने सिंबा, ऑस्कर, लिओ अशी यादीच तयार ठेवली होती. आईने पिल्लू उचललं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "अगं, बाळ्याच्या खंडोबाचा भंडारा सांडल्यासारखा दिसायलाय की हा!" झालं. यादी केराच्या टोपलीत.

पण हळद्या आमचा पहिला गोल्डन नाही. पहिल्याबद्दल सांगितल्याशिवाय पुढचं काही लिहिता येणार नाही.

चार वर्षांपूर्वीची गोष्ट. बाबा नुकतेच निवृत्त झाले होते. मी पुण्यात, धाकटी कॉलेजात, आणि बाबा दिवसभर ओट्यावर पेपर धरून बसलेले. आई फोनवर म्हणाली, "बोलतच नाहीत रे फारसं." आता आम्ही पडलो इंजिनिअर. प्रॉब्लेम दिसला की सोल्यूशन काढणार! जालावर एक जाहिरात सापडली, भाव जमला, आणि एका शनिवारी हायवेवरच्या ढाब्याबाहेर एका माणसाने गाडीच्या डिकीतून टोपली काढून माझ्या हातात दिली. आई-बाप कुठे आहेत, बघता येतील का, हे विचारायचं मला सुचलंही नाही. मी एकच विचारलं, "कागद आहेत ना?" "आहेत की साहेब." चकचकीत कागद होता. वर शिक्का, खाली सही, बापाच्या नावापुढे 'चॅम्पियन'. पिल्लाचं वय पन्नास दिवस.

सोलापुरात डॉक्टरांनी पिल्लाचे दात बघितले आणि म्हणाले, "हे जेमतेम पस्तीस दिवसांचं असेल." पाचव्या दिवशी उलट्या, मग रक्ताचे जुलाब. पार्व्हो. चार दिवस सलाइन लावून बाबा रोज दवाखान्यात बसून होते. नवव्या दिवशी पिल्लू गेलं. परसातल्या लिंबाखाली बाबांनी स्वतः खड्डा खणला. मला एका शब्दाने बोलले नाहीत. तो कागद मात्र त्यांनी फेकला नाही, लाइट बिलांच्या फायलीत लावून ठेवला. दिवाळीला कशासाठी तरी फाइल उघडली तेव्हा तो माझ्या हाताला लागला.

हा 'कागद' नावाचा प्रकार मुळात आला कुठून, हे वाचायला मी तिथून सुरुवात केली.

स्कॉटलंडच्या उत्तरेला, इन्व्हरनेसच्या डोंगराळ भागात गुइसाखन नावाची एक इस्टेट होती. १८५० च्या दशकात ती डडली मार्जोरीबँक्स नावाच्या गृहस्थांनी घेतली. (लिहितात मार्जोरीबँक्स, म्हणतात मार्चबँक्स. आपल्या सोलापूरचं 'शोलापूर' करणारी मंडळी ती हीच!) पैसा बँकेतला आणि बिअरच्या कारखान्यातला, खासदारकी, पुढे १८८१ साली लॉर्ड ट्वीडमाउथ ही पदवी. छंद शिकारीचा. बंदुका सुधारल्या होत्या, पक्षी लांबवर पडायचे, थंडगार तळ्यात, झुडपांत. ते पाण्यात पोहून जाऊन, दात न रुतवता, अलगद उचलून आणणारा कुत्रा हवा होता. 'रिट्रीव्ह' म्हणजे परत आणणं, तेच नावात आलं.

१८६५ साली त्यांनी ब्रायटनला एक पिवळा, लाटेसारख्या केसांचा कुत्रा घेतला. त्याचं नाव नूस. त्या काळात असले रिट्रीव्हर काळेच असायचे आणि त्यांच्यात निपजलेल्या पिवळ्याला फारशी किंमत नव्हती. नूस एका मोच्याकडे होता आणि उधारीपोटी त्याच्याकडे आला होता, असं सांगतात. १८६८ मध्ये नूस आणि बेल नावाची ट्वीड वॉटर स्पॅनिएल कुत्री यांना चार पिवळी पिल्लं झाली. क्रोकस, काउस्लिप, प्रिमरोज आणि एडा. पहिली तिन्ही नावं फुलांची. म्हणजे रंग बघून नाव ठेवणारी आमची आई एकटी नाही.

आजचा प्रत्येक गोल्डन, पुण्यातला, टेक्सासातला आणि माझ्या पायावर घोरणारा, मागे मागे नेला की या चौघांच्या घरात जाऊन पोचतो. हे इतकं ठामपणे सांगता येतं, कारण साहेब वही ठेवायचे. कोणता नर, कोणती मादी, कुठल्या साली, पिल्लं किती, कुणाला दिली. पुढे ट्वीड स्पॅनिएल पुन्हा, लाल सेटर, काळे रिट्रीव्हर अशी मिसळ करत गेले आणि १८९० पर्यंत नोंदी होत राहिल्या. आमच्या भाषेत सांगायचं तर वीसेक वर्षांचा अखंड गिट लॉग! आमच्या प्रोजेक्टमध्ये लोक 'फिक्स' एवढंच लिहून मोकळे होतात, म्हणून मला या माणसाचं जास्तच कौतुक.

गंमत पुढेच आहे. ही वही घरात पडून राहिली आणि बाहेर वेगळीच कथा पसरली. साहेब ब्रायटनला सर्कस बघायला गेले, तिथे रशियन कुत्रे कसरती करत होते, साहेबांनी एक मागितला, मालक म्हणाला जोडी फोडणार नाही, मग साहेबांनी अख्खा कळपच विकत घेतला! कथा झकास आहे. कितीतरी वर्षं ती खरी म्हणून पुस्तकांत छापली गेली. १९१३ साली तिकडच्या केनेल क्लबने या जातीची वेगळी नोंद केली, १९२० मध्ये 'गोल्डन रिट्रीव्हर' हे नाव कायम झालं, तरी रशियन सर्कस काही हटेना. शेवटी १९५२ मध्ये घराण्यातल्याच लॉर्ड इल्चेस्टरनी वहीतली माहिती प्रसिद्ध केली आणि सर्कशीचा तंबू खाली आला. एडा त्यांच्याच घराण्यात दिली गेली होती, हे वहीतच लिहिलेलं होतं.

बेलची जात, ट्वीड वॉटर स्पॅनिएल, मात्र नामशेष झाली. आणि गुइसाखनचा वाडा आज छप्पर नसलेला पडका आहे. तिथे जगभरचे लोक आपापले गोल्डन घेऊन जमतात. २०१८ साली, दीडशे वर्षं झाली तेव्हा, साडेतीनशेहून जास्त कुत्रे त्या पडक्या भिंतींपुढे बसले होते. फोटो बघा कधीतरी, पिवळंधमक शेतच.

हे सगळं वाचून झाल्यावर आईला सांगत होतो. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुझ्या आजोबांकडं कारवानी होती की. तिचा कुठं कागद होता?"

आजोबांचं, म्हणजे आईच्या वडिलांचं, गाव मंगळवेढ्याकडचं. कारवानी म्हणजे लांब निमुळतं तोंड, पोट पाठीला चिकटलेलं, काटक्यांसारखे पाय, आणि माळावर सुटली की नुसती धूळ दिसणार. आपल्या सोलापूर-सांगली-लातूरकडे आणि खाली उत्तर कर्नाटकात हीच कुत्री. परदेशी काफिल्यांबरोबर किंवा फौजांबरोबर पश्चिम आणि मध्य आशियातून यांचे पूर्वज दख्खनेत आले असं मानतात, नावही त्यावरूनच. आजोबांना ती एका धनगराने दिली होती. पैसे घेतले नाहीत, तिच्या पहिल्या वेतातलं एक पिल्लू परत द्यायचं एवढाच शब्द घेतला. तिची आई कोण, आजी कोण, कुणाच्या वाड्यावरची, लांडग्याच्या अंगावर कोण गेली होती, हे सगळं त्या माणसाला तोंडपाठ. आईला तिचं नाव आठवतं, रंग आठवतो. आजी कोण ते आठवत नाही. आजोबा गेले आणि तो धनगरही आता नाही.

हीच कुत्री विजापूरच्या पलीकडे मुधोळला गेली की तिचं नाव बदलतं. मुधोळ हे घोरपड्यांचं संस्थान. तिथले राजे मालोजीराव घोरपडे यांनी बेडर शिकाऱ्यांकडची ही कुत्री पाहिली, निगुतीने पैदास करवली आणि एक जोडी इंग्लंडच्या पंचम जॉर्जला भेट दिली. तेव्हापासून ती 'मुधोळ हाउंड'. आपल्याकडच्या दोन केनेल संस्थांपैकी एक तिला कॅरव्हान हाउंड म्हणते, दुसरी मुधोळ हाउंड, आणि दोन्ही नावांचे अभिमानी एकमेकांशी जालावर असे भांडतात की बेळगाव प्रश्न परवडला. २००५ मध्ये टपाल खात्याने चार भारतीय कुत्र्यांची तिकिटं काढली, त्यात मुधोळ होती. २०१६ मध्ये मेरठला लष्कराच्या केंद्रात तिची पिल्लं प्रशिक्षणासाठी गेली. २०२० च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये नाव घेतलं आणि एकदम सगळ्यांना ती हवीशी झाली. म्हणजे राजाने दिली, सरकारने छापली, रेडिओवर आली, तेव्हा कुठे ती 'जात' झाली. मंगळवेढ्याच्या माळावर ती त्याआधी नव्हती की काय?

मला याचा राग येतो. पण लगेच हेही कबूल करतो की एवढं सगळं कळल्यावरही मी दुसऱ्यांदा गोल्डनच घेतला. कारवानीला माळ लागतो, आमच्या दारात पार्किंग आहे. ती परक्याला अंगाला हात लावू देत नाही, आणि बाबांना हवं होतं पायाशी येऊन पडणारं कुणीतरी. ते न बोलता सांगायचे.

यावेळी वर्षभर थांबलो. पार्व्होचा विषाणू जमिनीत महिनोन् महिने टिकतो. हा रोग लॉर्डसाहेबांच्या काळात नव्हताच, १९७८ मध्ये पहिल्यांदा ओळखला गेला आणि दोनेक वर्षांत जगभर पसरला. तोपर्यंत नियम वाचले. आपल्या देशात २०१७ पासून कायद्याने पैदास करणाऱ्याला राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी लागते, आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, मादीला वर्षातून एकापेक्षा जास्त वेळा विऊ देता येत नाही. ढाब्याबाहेरच्या माणसाला हे माहीत असणारच. माहीत नव्हतं ते मला.

दुसऱ्या वेळी बाबा बरोबर आले. पुण्याजवळ एका घरी गेलो. बाबांनी कागद बघितलाच नाही, सरळ मादीजवळ जाऊन खाली बसले. तिने त्यांचा हात चाटला. पाऊण तास ते तिथेच. मी मात्र पिल्लाच्या मायक्रोचिपचा नंबर कागदाशी ताडून घेतला, आणि आई-बापाच्या खुब्यांचे एक्स-रे मागितले, कारण गोल्डनमध्ये खुब्याचं दुखणं आनुवंशिक असतं. घरधनी हसले, पण फाइल काढून दिली.

आता खरं सांगू का, स्कॉटलंडच्या थंड पाण्यासाठी बनवलेला दुहेरी कोटाचा कुत्रा सोलापुरात वाढवणं ही चैन नाही, ड्यूटी आहे. मार्च ते जून फिरणं पहाटे पाचला आणि रात्री नऊनंतर. डांबरावर आपला तळहात पाच सेकंद ठेवून बघायचा, आपल्याला चटका बसला तर त्यालाही बसतो. दुपारी कूलरपुढे ओलं पोतं. उन्हाळ्यात त्याचे केस भादरून टाका असं गल्लीतला प्रत्येकजण सांगतो. टाकू नका, तो कोट उन्हापासूनही वाचवतो, फक्त रोज विंचरून मेलेले केस काढायचे. पावसाळ्यात गोचीड. गोचीडतापाने गेल्या वर्षी पंधरा दिवस काढले, तेव्हा बाबा पुन्हा दवाखान्यात बसून. यावेळी परत घेऊन आले.

आणि बाबांनी एक डायरी घातलीय. कुठल्याशा पतसंस्थेची, जुन्या सालाची. त्यात तारीखवार वजन, लशी, जुलाब, काय खाल्लं, कुणाची चप्पल फाडली. पहिल्या पानावर हळद्याच्या आईचं नाव आहे, आणि मागच्या पानावर लिंबाखालच्याची तारीख.

गेल्या डिसेंबरात त्याला पहिल्यांदा हिप्परग्याला नेला. एकरुखचा तलाव. गुइसाखनला ती चार पिल्लं झाली तेव्हा या धरणाचं काम चालू होतं, १८७१ मध्ये पुरं झालं. हळद्याने तोवर बादलीपेक्षा मोठं पाणी पाहिलेलं नव्हतं. काठावर दोन मिनिटं उभा राहिला, मान वाकडी केली आणि घुसला. वीसेक फुटांवर कुणीतरी पूजेला सोडलेला नारळ तरंगत होता. तो तोंडात धरून पोहत परत आला आणि बाबांच्या हातात ठेवला. शेंडी जशीच्या तशी.

"हे कोणी शिकवलं रे ह्याला?" बाबा.

"कोणी नाही."

बाबांनी नारळ उलटापालटा करून बघितला आणि परत पाण्यात फेकला. तो परत घेऊन आला. मग बाबांनी चपला काढल्या, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाण्यात उतरून पुन्हा फेकला, आणखी लांब. दहा वाजून गेले तरी दोघं निघायचं नाव घेईनात. आईचे तीन मिस्ड कॉल माझ्या फोनवर.