पाळी आणि बांध : गोव्यातील आपत्तिनिवारणाची लोकपरंपरा

श्रावणात नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी वास्को शहरात श्रीदामोदराच्या भजनी सप्ताहास आरंभ होतो. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस या गावात साथीने थैमान घातले, तेव्हा येथील मंडळी जांबावलीस गेली, देवाला साकडे घालून प्रसादाचा नारळ घेऊन आली आणि साथ ओसरली, अशी या उत्सवामागची श्रद्धा आहे. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याने जाणावा. इतिहासाच्या अभ्यासकास मात्र या उत्सवात आणखी एक गोष्ट दिसते. चोवीस तासांचे भजन अखंड राहते, कारण कोणत्या प्रहरी कोणी उभे राहावयाचे, हे आधीच ठरलेले असते. संकटाच्या आठवणीतून गावाने जपले ते पाळीचे शास्त्र. गोव्याच्या लोकजीवनात आपत्तीशी झुंजण्याची जी जुनी रीत होती, तिचे मर्मही हेच होय.

राज्यकर्त्यांची रीत निराळी होती. जुने गोवे रोगराईने ओसाड पडू लागले, तेव्हा सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगीज सरकारने राजधानी मुरगावास हलविण्याचा बेत केला. बांधकामास हातही घातला गेला. परंतु तो बेत तडीस गेला नाही आणि पुढे १८४३ मध्ये पणजीस राजधानीचा अधिकृत दर्जा मिळाला. राजधानी हलविता येते, शेत हलविता येत नाही. त्यामुळे मांडवी, जुवारी, शापोरा, तेरेखोल या नद्यांच्या काठी राहणाऱ्या शेतकऱ्यास संकटाच्या शेजारीच घर करावे लागले, आणि त्या शेजाराचे नियम बसवावे लागले.

या नियमांचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे खाजन. भरतीच्या पाण्याखाली जाणारी दलदल बांध घालून शेतीखाली आणावयाची, ही विद्या गोव्यात पोर्तुगीजांच्या कितीतरी आधीची आहे. बांदोडे येथे सापडलेल्या अनिर्जितवर्म्याच्या प्राचीन ताम्रपटातील ‘खज्जन’ हा शब्द अभ्यासक याच संदर्भात दाखवितात. माती, चिकणमाती, पेंढा आणि चिरे यांचा बांध; बांधाबाहेर लाटांचा जोर मोडणारी खारफुटी; बांधात लाकडी दारांची मानस; आणि मानशीच्या आत जादा पाणी सामावून घेणारे पोंय, अशी ही रचना. भरती चढू लागली की बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दारे आपोआप मिटतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या रेट्याने उघडतात. आत पिकावयाचे ते खारेपणा सोसणारे कोरगुट जातीचे भात, तेही पावसाने जमिनीतले मीठ धुऊन काढल्यावर.

वर्गात ‘मानस’ शब्दाचा अर्थ मी विचारतो, तेव्हा बहुतेक विद्यार्थी ‘मन’ असे उत्तर देतात. मराठीच्या प्राध्यापकाने त्यावर रागावता येत नाही. पण नदीकाठच्या गावातील मुलालाही दुसरा अर्थ ठाऊक नसावा, याची खंत वाटते. शब्द विसरला म्हणजे त्यामागची दक्षताही विसरली जाते.

मानशीच्या रचनेचे कौतुक परदेशी अभ्यासकांनीही केले आहे. तथापि खरे कौतुक तिच्यामागील व्यवस्थेचे. तिसवाडीतील गावकारीच्या रूढी १५२६ च्या सनदेत नोंदल्या गेल्या. पुढे गावकारीलाच कोमुनिदाद हे नाव पडले. तिच्या जोडीला खाजनातील शेतकऱ्यांचा संघ असे, त्यास भौस म्हणत. बांधावर राखणदार असत. खेकड्याने पाडलेले भोक आज बोटाएवढे असते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात तेच खिंडार होते, हे जाणून त्यांनी बांध पाहावयाचा. खिंडार पडलेच, तर घरटी माणूस धावला पाहिजे. कारण एकदा खारे पाणी शिरले की ती जमीन काही वर्षे नापीक होते. मानशीवर मासे धरण्याच्या हक्काची पावणी होई आणि त्या उत्पन्नाचा आधार बांधाच्या दुरुस्तीला मिळे. म्हणजे धोका सर्वांचा, काम वाटून दिलेले आणि खर्चाची तजवीज आधीच केलेली. आजच्या परिभाषेत ज्याला पूर्वतयारी म्हणतात, ती याहून वेगळी काय असते?

ही व्यवस्था सर्वस्वी आदर्श होती, असे म्हणणे मात्र सत्यास सोडून होईल. गावकारीत मान मोजक्या कुळांचा आणि चिखलात उतरणारे हात बहुधा इतरांचे. १९६४ च्या कूळ कायद्याने कसणाऱ्यास संरक्षण दिले, हे न्याय्यच झाले. बांधांची सामुदायिक जबाबदारी १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघांकडे आली. परंतु हक्क घरोघर पोहोचला, तशी पाळी पोहोचली नाही. भातापेक्षा मासळीचा पैसा मोठा ठरू लागल्यावर खारे पाणी शेतात मुद्दाम कोंडण्याचे प्रकारही घडले. खनिजवाहू बार्जांच्या लाटांनी बांध झिजले; डिचोलीकडे खाणींचा गाळ ओढ्यांत आणि शेतांत उतरला.

संकटाचे स्वरूपही पालटले. ऑगस्ट २०१९ मध्ये मुसळधार पाऊस आणि तिळारी धरणातून सोडलेले पाणी यांमुळे पेडण्यातील इब्रामपूर, चांदेल आणि डिचोलीतील साळ या भागांत पूर आला. जानेवारी २०१८ मध्ये वास्कोजवळच्या चिखली येथे अमोनियाचा टँकर उलटला आणि आसपासच्या रहिवाशांना पहाटे घरे सोडावी लागली. धरणाची दारे दूर कोणी उघडावयाची आणि टँकरात काय आहे ते दुसऱ्याच कोणाला ठाऊक असावयाचे! मानशीचे दार गावाच्या डोळ्यांसमोर मिटे. ही दारे डोळ्यांआड आहेत. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा पातळीवर प्राधिकरणे आणि आराखडे आणले, हे स्वागतार्ह आहे. पण मध्यरात्री शेजारच्या अंथरुणास खिळलेल्या वृद्धेस कोणी उचलावयाचे, हे जिल्ह्याचा कागद सांगू शकत नाही. ते वाड्यानेच आधी ठरवावे लागते.

शतक पाहिलेल्या वाचनालयाने येथे काय करावे? वाळवी आणि पावसाळी ओल यांपासून शंभर वर्षे ग्रंथ राखणे, हीही पिढ्यान्‌पिढ्या पाळीने केलेली राखणच होय. तिच्यात आणखी एका कपाटाची भर पडावी. पेडणे, डिचोली, तिसवाडी, मुरगाव येथील जुन्या जाणत्यांकडून बांधांची नावे, मानशींच्या जागा, पुराचे पाणी कोणत्या पायरीपर्यंत चढले होते याच्या आठवणी लिहून घ्याव्यात आणि त्या कपाटात ठेवाव्यात. हे जाणते दरवर्षी कमी होत आहेत. उधाण मात्र ठरल्या तिथीस येतच राहणार आहे.