तांडेल आणि वैमानिक

वरळीच्या कोळीवाड्यात तांडेल होण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या कुणी लेखी परीक्षा दिली नाही. पोर बापाच्या होडीवर खलाशी म्हणून जाई. वारा, भरती-ओहोटी, पाण्याखालचे खडक हे सारे त्याच्या अंगी मुरे, आणि एके दिवशी सुकाणू त्याच्या हाती येई. सारा वाडा त्याला लहानपणापासून पाहत असे. तीच त्याची सनद. होडी परतून आपल्याच बंदराला लागायची, तेव्हा एवढी ओळख पुरेशी होती.

विमानाने हा हिशेब मोडला. २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओ फ्रान्सहून उडाला आणि सुमारे ३७ मिनिटांत इंग्लंडात उतरला. युरोपातील देश एकमेकांना इतके लगटून बसलेले, की सकाळचा वैमानिक दुपारी परमुलखात! तेथे त्याला कोण ओळखणार? पहिल्या महायुद्धानंतर, १३ ऑक्टोबर १९१९ रोजी पॅरिस येथे झालेल्या कराराने यावर तोड काढली. विमान ज्या देशाचे, त्या देशाने वैमानिकाची पात्रता तपासून परवाना द्यावा आणि इतरांनी तो मानावा. नुसते कौशल्य पुरेसे नव्हते. दृष्टी, श्रवण, प्रकृती यांचीही तपासणी आली.

विमानप्रेमींच्या मंडळांनी असा शिरस्ता आधीच घातला होता. १९०५ साली स्थापन झालेल्या त्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या वतीने निरनिराळ्या देशांतील क्लब प्रमाणपत्रे देत. ती रीत आपल्या मुंबईतही आली. वरळीच्या उत्तरेला, माहीमचा उपसागर आणि वांद्रे ओलांडले की जुहू लागते. तेथे विमान शिकलेल्या जे. आर. डी. टाटांना १० फेब्रुवारी १९२९ रोजी भारतातील क्रमांक एकचा परवाना मिळाला. लहानपणी फ्रान्सच्या किनाऱ्यावर ब्लेरिओची विमाने पाहूनच त्यांना उडण्याचे वेड लागले होते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी त्यांनी कराचीहून जुहूला टपाल आणले. पत्रे टाकणाऱ्यांपैकी कितीजणांनी त्यांचे तोंड पाहिले असेल?

१९४४ च्या शिकागो कराराने जगभरासाठी किमान कसोट्या ठरवल्या. युरोपने आणखी पुढचे पाऊल टाकले. २००२ साली तेथे विमान-सुरक्षिततेची सामाईक संस्था निर्माण झाली; तिचे ठाणे आज जर्मनीत, कोलोन येथे आहे. परवाना आजही ज्या त्या देशाचे खाते देते, पण नियम एकच. म्हणून फ्रान्सचा परवाना जर्मनीत चालतो. भारतात मात्र तो तसाच चालत नाही. युरोपात शिकून आलेल्या आपल्या मुलामुलींना येथील नियमांची परीक्षा द्यावी लागते, तेव्हाच येथला व्यावसायिक परवाना हाती पडतो. पालकांना हा जाच वाटतो. पण ज्याच्या आकाशात उडायचे, त्याने विचारपूस करू नये काय?

तांडेलाचे शहाणपण कागदावर मावणार नाही, हे खरेच. परंतु दिवाळीला परदेशाहून घरी येणारी लेक विमानात निर्धास्त झोपते, ती चालकाला ओळखते म्हणून नव्हे. तिच्या वतीने कुणीतरी त्याला पारखून घेतलेले असते आणि ठराविक मुदतीने पुन्हा पारखलेले असते. कोळीवाड्याची नजर आता त्या एवढ्याशा परवान्यात आली आहे. ती तेवढीच कडक राहिली पाहिजे.