गोलंदाजाची पूर्वतयारी



खेळाचा इतिहास लिहिताना आपण धावा मोजतो, बळी मोजतो, जय-पराजयाची नोंद ठेवतो. परंतु सामन्याच्या दिवसापर्यंत गोलंदाजाच्या खांद्याने, पाठीने आणि पायांनी काय काय सोसलेले असते, ते धावफलकावर कधीच चढत नाही. चिंचणीसारख्या समुद्रकाठच्या गावाला हे फार समजावून सांगण्याची गरज नाही. होडी दर्यावर जाण्यापूर्वी किनाऱ्यावर जाळी दुरुस्त करण्यात किती तास जातात, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. बाजारात मात्र भाव होतो तो मासळीचा.

फलंदाजापेक्षा गोलंदाजाचे शरीर अधिक झिजते. वेगवान गोलंदाजाचा पुढचा पाय जमिनीवर आदळतो, तेव्हा त्याच्या वजनाच्या कित्येक पट भार त्या पायावर आणि कमरेवर येतो. आणि हे दिवसातून शंभरवेळा घडू शकते. अमेरिकेतील बेसबॉल या खेळात चेंडू फेकणाऱ्या प्रमुख खेळाडूला एका सामन्यानंतर साधारणपणे चार-पाच दिवस विश्रांती देतात, आणि त्याने किती चेंडू फेकले याचा काटेकोर हिशेब ठेवतात. हात हे त्याचे भांडवल आहे, हे तेथील धंदेवाईक संघांनी ओळखले आहे. आमच्याकडे मात्र ज्या पहिल्या थोर गोलंदाजाचा हात घडला, त्याचा असा हिशेब कोणी ठेवला नव्हता.

ते म्हणजे बाळू पालवणकर. चर्मकार समाजातील या मुलाला पुण्यात पारशी मंडळींच्या क्लबात खेळपट्टी झाडण्याचे व रोलर फिरवण्याचे काम मिळाले. पगार महिना ३ रुपये. १८९२ च्या सुमारास ते गोऱ्या साहेबांच्या पूना क्लबात ४ रुपयांवर गेले. जाळी उभारणे, खेळपट्टी आखणे, ही कामे होतीच. त्यांत सभासदांना सरावासाठी चेंडू टाकण्याचे काम आले. कॅप्टन ग्रेग हा तेथला नामांकित फलंदाज. बाळूंनी आपल्याला बाद केल्यास दर खेपेस आठ आणे द्यावयाचे, असा त्याचा शिरस्ता होता, असे सांगतात. त्या सरावात बाळूंना फलंदाजीची संधी मात्र कधी मिळाली नाही.

आम्हांस येथे एक विलक्षण विसंगती दिसते. साहेबाचा सराव व्हावा म्हणून राबणाऱ्या नोकराचाच सराव सर्वांत अधिक झाला. रोज तासन्‌तास टाकलेल्या चेंडूंनी बाळूंचा डावा हात असा तयार झाला, की पुण्यातील हिंदू संघाला त्यांच्यावाचून चालेना. संघात घेतले खरे, पण चहाच्या वेळी त्यांना मंडपाबाहेर मातीच्या भांड्यात चहा देत. त्यांच्या हातून सुटलेला चेंडू सर्वांना चालत होता. पेल्याला लागलेला हात तेवढा चालत नव्हता.

१९०६ साली मुंबईत हिंदू संघाने युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्या संघात बाळू होते आणि त्यांचे बंधू शिवरामही होते. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली हिंदी संघ इंग्लंडला गेला. संघाने २३ पैकी १५ सामने गमावले. परंतु पस्तिशीच्या घरातल्या बाळूंनी त्या दौऱ्यात ११४ बळी घेतले. परक्या हवेत, आठवड्यामागून आठवडे हा भार ज्या खांद्याने पेलला, तो पुण्याच्या जाळीत घडला होता. एवढे होऊनही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना लाभले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. शरीराची तयारी मनुष्य एकट्याने करू शकतो. समाजाची तयारी व्हायला पिढी जावी लागते.

पुढच्या काळातले उदाहरण नाशिकला जन्मलेल्या बापू नाडकर्णी यांचे. सरावाच्या वेळी खेळपट्टीवर नाणे ठेवून त्यावर पुनःपुन्हा चेंडू टाकीत, अशी त्यांची ख्याती. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध त्यांनी ३२ षटकांत अवघ्या ५ धावा दिल्या. २१ षटके लागोपाठ निर्धाव गेली. १३१ चेंडूंवर एकही धाव निघाली नाही. बळी एकही नाही! पण त्या दिवशी हात, पाय आणि मन तिन्ही एका ठेक्यात चालली, आणि तो ठेका नाण्यासमोर बसवलेला होता.

आता आपल्या दाराशी येऊ. शार्दूल ठाकूर हा पालघरचा मुलगा. बोईसरच्या शाळेत शिकलेला. खांद्यावर क्रिकेटचे सामान घेऊन तो आगगाडीने मुंबई गाठी. आपल्या डहाणूपर्यंत लोकल आली ती २०१३ साली. त्याच्या लहानपणी ती विरारलाच थांबत असे. पुढे प्रशिक्षक दिनेश लाड यांनी त्याला बोरिवलीच्या शाळेत घेतले आणि स्वतःच्या घरी ठेवले. प्रवासात जाणारे ते तास विश्रांतीला आणि सरावाला मिळाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये हैदराबादला तो पहिली कसोटी खेळला. अवघे १० चेंडू टाकले आणि जांघेच्या दुखापतीने बाहेर पडला. पुढची कसोटी मिळाली ती जानेवारी २०२१ मध्ये, ब्रिस्बेनला. तेथे त्याने सामन्यात ७ बळी घेतले आणि पहिल्या डावात ६७ धावाही काढल्या. वर्षभराने जोहान्सबर्गला एकाच डावात ६१ धावांत ७ गडी बाद केले. दहा चेंडूंनंतरची ती सव्वादोन वर्षे शरीर पुन्हा उभे करण्यात आणि बोलावणे येण्याची वाट पाहण्यात गेली. अंगी तयारी असली, तरी शरीर केव्हा दगा देईल हे सांगता येत नाही. अशा वेळी जो पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो, तोच टिकतो.

या तीन पिढ्यांतून आम्ही काय घ्यावे? मेहनत करा, हा उपदेश मुलांना देणे सोपे आहे, आणि त्यांना त्याची फारशी गरजही नसते. प्रश्न वडीलधाऱ्यांचा आहे. बाळूंना हात होता, पण पंगतीत जागा नव्हती. शार्दूलला जिद्द होती, पण मैदान गाडीच्या पल्ल्यावर होते. एका शिक्षकाने घराचे दार उघडले म्हणून वाट सुकर झाली. वाणगाव-बोईसरच्या फलाटावर पहाटे खांद्याला पिशवी अडकवून उभे राहिलेले मूल दिसले, तर त्याला आपण किती तास वाचवून देऊ शकतो, याचा विचार गावाने करावा. गोलंदाजाच्या पूर्वतयारीतला गावाचा वाटा तोच आहे.