शब्द, संकेत आणि सुरक्षितता : वैमानिकी परिभाषेचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना

१५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन मुंबईतील जुहू येथे उतरले, तेव्हा त्यांच्या 'पुस मॉथ' विमानात रेडिओ नव्हता. मार्ग शोधण्यासाठी वैमानिकाला प्रामुख्याने नजर आणि होकायंत्र यांवर विसंबावे लागे. ढग, धुके आणि अंधार यांत नजर निरुपयोगी ठरते. तेथे रेडिओ साहाय्याला आला आणि उड्डाणाची भिस्त डोळ्यांवरून कानांवर आली. याच काळात वैमानिकांची स्वतंत्र परिभाषा घडली. पुढे उपकरणे बदलली, परंतु शब्द टिकून राहिले आणि त्यांच्या मूळ अर्थाचे भान मात्र सैल होत गेले. या शब्दांची जडणघडण, त्यांचा चुकीचा वापर आणि त्याचे परिणाम यांचा मागोवा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

प्रारंभीचे रेडिओ मार्गनिर्देशन

अमेरिकेत १९२० च्या दशकाच्या अखेरीस 'चार-मार्गी रेडिओ रेंज' ही व्यवस्था सुरू झाली. केंद्राभोवतालच्या चार विभागांपैकी समोरासमोरच्या दोन विभागांत मोर्स लिपीतील 'ए' म्हणजे टिंब-रेघ, तर उरलेल्या दोहोंत 'एन' म्हणजे रेघ-टिंब असा संकेत ऐकू येई. दोन्ही संकेत समान तीव्रतेने पोहोचत, तेथे ते एकमेकांत मिसळून अखंड स्वर उमटे. हा स्वर ऐकू येणारा अरुंद पट्टा म्हणजेच विमानमार्ग होय. इंग्रजीतील 'ऑन द बीम' हा वाक्प्रचार याच अनुभवातून रूढ झाला.

या पद्धतीची मर्यादा तिच्या रचनेतच होती. 'ए' ऐकू आला, तरी विमान दोहोंपैकी कोणत्या विभागात आहे हे कळत नसे. त्यासाठी काही काळ एकाच दिशेने जाऊन आवाज वाढतो की घटतो, हे ऐकावे लागे. वादळी हवेत खरखरीमुळे संकेत अस्पष्ट होत. केंद्राच्या अगदी वर आल्यावर आवाज क्षणभर लोपे आणि ती शांतताच केंद्र आल्याची खूण ठरे.

युरोपात याच काळात जमिनीवरील केंद्रे विमानाकडून आलेल्या संदेशाची दिशा मोजून वैमानिकास कळवीत. हा व्यवहार तारायंत्राच्या 'क्यू' संकेतांनी होई. 'क्यूडीएम' म्हणजे केंद्राकडे येण्यासाठी धरावयाची चुंबकीय दिशा आणि 'क्यूडीआर' म्हणजे केंद्रापासून विमानाची चुंबकीय दिशा. या दोहोंत १८० अंशांचा फरक असतो. एक अक्षर चुकले, तर विमान केंद्राकडे येण्याऐवजी त्यापासून दूर जाईल.

संकेतांचे कल्पित विस्तार

क्यू-संकेत ही कोणत्याही शब्दांची आद्याक्षरे नव्हेत. तरीही 'क्यूएनएच' मधील 'एनएच' म्हणजे 'नॉटिकल हाइट' आणि 'क्यूएफई' मधील 'एफई' म्हणजे 'फील्ड एलिव्हेशन' असे विस्तार वैमानिकांमध्ये रुजले. स्मरणासाठी ते सोयीचे असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने निराधार आहेत. मात्र या दोन संकेतांतील भेद काल्पनिक नाही. पुणे विमानतळ समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंचीवर आहे. तेथे उंचीमापक 'क्यूएनएच' नुसार लावल्यास जमिनीवर उभ्या विमानात तो सुमारे १,९०० फूट दाखवील, तर 'क्यूएफई' नुसार शून्य. पहिल्या आकड्याला जमिनीपासूनची उंची मानणाऱ्याची किती फसगत होईल, हे यावरून लक्षात यावे.

दिशावाचक शब्दांतील गल्लत

'हेडिंग' म्हणजे विमानाच्या नाकाची दिशा आणि 'ट्रॅक' म्हणजे जमिनीच्या संदर्भात विमानाने प्रत्यक्ष आक्रमिलेली वाट. आडवा वारा असेल, तर या दोन दिशा भिन्न असतात. दुसऱ्या महायुद्धानंतर रेडिओ रेंजची जागा हळूहळू 'व्हीओआर' केंद्रांनी घेतली आणि 'रेडियल' हा शब्द रूढ झाला. रेडियल नेहमी केंद्रातून बाहेर मोजला जातो. त्यामुळे ०९० च्या रेडियलवरून केंद्राकडे येणाऱ्या विमानाची वाट २७० अंशांची असते. कानाऐवजी आता काटा दिशा दाखवू लागला, तरी 'कोठून' आणि 'कोठे' हा जुना घोटाळा कायम राहिला.

'रॉजर' चा अर्थ

'रॉजर' हा शब्द 'रिसीव्ह्ड' मधील 'आर' या अक्षरापासून आला. जुन्या उच्चार-वर्णमालेत 'आर' साठी 'रॉजर' हे नाव होते. १९५६ मध्ये लागू झालेल्या वर्णमालेत त्याची जागा 'रोमिओ' ने घेतली, तरी 'रॉजर' संभाषणात टिकला. 'आपला संपूर्ण संदेश मिळाला' एवढाच त्याचा अर्थ आहे. त्यात होकार नाही आणि आज्ञापालनाचे वचनही नाही. त्या वचनासाठी 'विल्को' हा वेगळा शब्द आहे. चित्रपटांनी लोकप्रिय केलेला 'ओव्हर अँड आउट' हा प्रयोग तर परस्परविरोधी आहे. 'ओव्हर' म्हणणारा उत्तराची अपेक्षा ठेवतो, 'आउट' म्हणणारा संभाषण संपवितो. मराठीत 'बरं' म्हणणाऱ्याने केवळ ऐकले की मान्यही केले, हे सुरावरून कळते. रेडिओवर सुराचा भरवसा धरता येत नाही. म्हणूनच तेथे प्रत्येक शब्दाला एकच अर्थ बांधून द्यावा लागला.

अपघातांतून आलेली शिस्त

२७ मार्च १९७७ रोजी टेनेरिफ बेटावर दाट धुक्यात दोन बोइंग ७४७ विमानांची धावपट्टीवर टक्कर होऊन ५८३ जण मृत्यू पावले. केएलएमच्या विमानाने उड्डाणाची परवानगी नसताना धाव सुरू केली होती. सहवैमानिकाच्या संदिग्ध वाक्यातून विमान उड्डाणासाठी सज्ज आहे, असा अर्थ नियंत्रकाने घेतला आणि उत्तराची सुरुवात 'ओके' ने केली. पुढील थांबण्याची सूचना पॅन ॲमच्या विमानातून त्याच क्षणी आलेल्या संदेशामुळे नीट ऐकू गेली नाही. या घटनेनंतर 'टेक-ऑफ' हा शब्द केवळ उड्डाणाची परवानगी देताना वा ती रद्द करताना वापरावा आणि इतर वेळी 'डिपार्चर' म्हणावे, असा दंडक रूढ झाला.

२५ जानेवारी १९९० रोजी न्यूयॉर्कजवळ आव्हियांका कंपनीचे विमान इंधन संपून कोसळले आणि ७३ जण दगावले. चालकदलाने 'प्रायॉरिटी' मागितली होती, परंतु 'इमर्जन्सी' हा शब्द उच्चारला नव्हता. बोलणाऱ्याच्या मनातील निकड ऐकणाऱ्यापर्यंत पोहोचली नाही.

भारतात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ जणांचा अंत झाला. कझाक विमान नेमून दिलेल्या १५,००० फुटांखाली उतरले होते. या दुर्घटनेनंतर वैमानिकांच्या इंग्रजी ज्ञानाचा प्रश्न ऐरणीवर आला. १९९८ मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने त्यासंबंधी ठराव केला, २००३ मध्ये भाषा-प्रावीण्याचे निकष स्वीकारले आणि २००८ पासून ते लागू झाले.

निष्कर्ष

वैमानिकी परिभाषेतील काटेकोरपणा हा केवळ शब्दशुद्धीचा आग्रह नव्हे. खरखरीतून येणारे टिंब-रेघांचे संकेत ऐकणाऱ्या पिढीला, चुकीचे ऐकण्याची शक्यता गृहीत धरूनच शब्द निवडावे लागले. उपकरणे सुधारल्यावर ही शक्यता संपली असे वाटले. प्रत्यक्षात ती संभाषणात शिल्लक राहिली. पारिभाषिक शब्दाचा अर्थ बोलणाऱ्याच्या हेतूवर नव्हे, तर दोन्ही पक्षांनी आधी मान्य केलेल्या संकेतावर ठरतो. म्हणून अशा शब्दांच्या व्याख्येबरोबरच त्यांच्या घडणीचा इतिहासही अध्यापनात समाविष्ट होणे आवश्यक ठरते.