कॅसिनी: डमडमच्या घड्याळात शेवटचे तास

कॅसिनी हे शनीभोवती फिरणारे यान होते. सर्व वेळा भारतीय, म्हणजेच कोलकात्याजवळच्या डमडमच्या. शनीवरून निघालेला संदेश पृथ्वीवर पोचायला शेवटच्या दिवशी 83 मिनिटे लागत होती.

14 जानेवारी 2005. कॅसिनीने नेलेले छोटे हायगेन्स यान शनीच्या टायटन या चंद्रावर उतरले. हायगेन्सचे संदेश घेणारा कॅसिनीचा एक रिसीव्हर सुरू करण्याची आज्ञा यादीतून राहून गेली होती. त्यामुळे सुमारे 350 छायाचित्रे कायमची गेली.

22 एप्रिल 2017, सकाळी 11.38. इंधन संपत आले होते. भरकटलेले यान शनीच्या एन्सेलाडस या चंद्रावर आदळले, तर तिथल्या समुद्रात पृथ्वीवरचे जंतू जाऊ शकतील. म्हणून यान शनीतच संपवायचे ठरले होते. कॅसिनी टायटनपासून 979 किलोमीटरवरून गेले आणि मार्ग वळला. माझ्या मते शेवट इथेच ठरला. पुढचे पाच महिने फक्त अंमलबजावणी.

26 एप्रिल, दुपारी 2.30. कडी आणि ग्रह यांच्यामधल्या सुमारे 2,400 किलोमीटरच्या फटीत पहिली उडी. धुळीच्या भीतीने 4 मीटरची अँटेना ढालीसारखी पुढे धरली. फट जवळजवळ रिकामी निघाली. अशा 22 फेऱ्या झाल्या.

12 सप्टेंबर, रात्री 12.34. टायटनजवळून, 1,19,049 किलोमीटरवरून, शेवटचा फेरा. वेग किंचित घटला. आता माघार नाही.

15 सप्टेंबर, रात्री 1.29. शेवटचे छायाचित्र: शनीची रात्रीची बाजू, कड्यांवरून परतलेल्या उजेडात. यान जिथे पडणार होते, तीच जागा. पुढे थेट प्रक्षेपणाचा वेग छायाचित्रांना पुरणारा नव्हता. कॅमेरे थांबले, आठ उपकरणे चालू राहिली.

दुपारी 4.01. वातावरणाचा पहिला स्पर्श. यान सरळ ठेवणारे थ्रस्टर 10 टक्के जोरावर. मिनिटभरात 100 टक्के.

दुपारी 4.02. ढगांच्या वर सुमारे 1,500 किलोमीटर. शेवटच्या आठ सेकंदांत यान मागे झुकू लागले, अँटेना पृथ्वीवरून हटली. थ्रस्टर 91 सेकंद झुंजले होते. मग यान जळून गेले.

संदेश मात्र वाटेत होता. डमडमवर तेव्हा लख्ख दुपार.

सायंकाळी 5.25 वाजून 46 सेकंद. कॅनबेराच्या अँटेनावरचा संकेत थांबला. डमडमला सूर्यास्ताला साधारण पाव तास. शनी दक्षिणेला, अर्ध्या आकाशात, उजेडामुळे अदृश्य.

त्यानंतर शनीभोवती एकही यान गेलेले नाही. कड्यांचे वस्तुमान त्या 22 फेऱ्यांपैकी काहींनी मोजून दिले, पण कड्यातला एकही सुटा कण कुणी जवळून पाहिलेला नाही. माझ्या मते त्यासाठी लहान याने कड्यांत पाठवावी लागतील.