‘चूक तुमचीही होती’: एका बचावाची कुळकथा

कसारा घाट चढून इगतपुरी ओलांडली की मुंबई-आग्रा महामार्ग घोटीला येतो. भाताच्या गिरण्यांच्या या गावातून एक रस्ता सिन्नरकडे फुटतो. मुंबईहून शिर्डीला पायी निघालेल्या साईपालख्या याच वाटेने जातात. ट्रक, एसटी, ट्रॅक्टर-ट्रॉली, दुचाक्या आणि पायी माणसे सगळी एकाच रस्त्यावर. अशा रस्त्यावर अपघात झाला की भरपाईचा दावा मोटार अपघात दावा प्राधिकरणासमोर जातो, आणि तिथे विमा कंपनीचे एक उत्तर हमखास ठरलेले असते: जखमी माणूसही निष्काळजी होता. पादचारी रस्त्याच्या मधोमध चालत होता, ट्रॉलीला मागे लाल दिवा नव्हता, दुचाकीवर तिघे बसले होते. कायदा याला अंशदायी निष्काळजीपणा म्हणतो. हा बचाव घोड्यांच्या काळातला आहे.

इंग्लंडमधल्या डर्बी इथे फॉरेस्टर नावाच्या माणसाने घराच्या दुरुस्तीसाठी रस्त्यात लांब खांब आडवा टाकला होता. ऑगस्टमधली संध्याकाळ, आठचा सुमार. घराघरांत मेणबत्त्या लागत होत्या, तरी शंभर यार्डांवरून खांब दिसेल इतका उजेड होता. बटरफिल्ड दारूच्या गुत्त्यातून निघाला, घोडा भरधाव सोडला, आणि खांबाला अडखळून घोड्यासकट कोसळला. १८०९ मध्ये लॉर्ड एलनबरो यांच्या न्यायालयाने त्याला एक पैसाही दिला नाही. स्वतः साधी काळजी न घेणाऱ्याला दुसऱ्याच्या चुकीवर बोट ठेवता येणार नाही, असा नियम त्यातून पडला.

नियम कठोर होता. फिर्यादीची चूक रुपयात दोन आण्यांची असली, तरी सोळा आणे दावा बुडायचा.

एलनबरो यांच्यापुढेच १८१६ मध्ये वेगळे प्रकरण आले. घोडागाडीचा लगाम तुटला, गाडी उलटणार असे वाटून प्रवाशाने उडी टाकली आणि त्याचा पाय मोडला. तो बसून राहिला असता तर कदाचित वाचला असता. पण दुसऱ्याने ओढवलेल्या संकटात क्षणार्धात घेतलेला निर्णय त्याच्याच विरुद्ध मोजायचा नाही, असे ठरले आणि भरपाई मिळाली.

१८४२ मध्ये एका गाढवाने आणखी वाट काढली. मालकाने पुढचे पाय बांधून ते रस्त्याकडेला चरायला सोडले होते. उतारावरून तीन घोड्यांची गाडी वेगात आली आणि त्याला चिरडून गेली. गाढव तसे सोडणे चूकच होते. पण अपघात टाळण्याची शेवटची संधी गाडीवानाला होती, म्हणून भरपाई गाडीच्या मालकाच्या माथी आली. ‘शेवटची संधी कोणाची’ हा प्रश्न पुढे शतकभर इंग्लंडमधल्या न्यायालयांना पुरला. अखेर १९४५ च्या कायद्याने तिथे सरळ मार्ग काढला: दावा बुडवायचा नाही, ज्याची जेवढी चूक तेवढी रक्कम कापायची.

भारतात असा केंद्रीय कायदा झाला नाही. केरळने १९७६ मध्ये स्वतःपुरता केला. इतरत्र न्यायालयांनी न्यायबुद्धीच्या आधारे तेच तत्त्व उचलले. मुंबईत बेस्टच्या बसखाली सापडून एक तरुण सायकलस्वार गेला. त्या प्रकरणात २००३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्याकडेही दोष ठेवला, पण भरपाई नाकारली नाही. २५ टक्के कापले, बाकीची कुटुंबाला दिली. १८०९ च्या नियमाने त्या कुटुंबाला रिकाम्या हाताने परतावे लागले असते.

पुढे या बचावाला आणखी एक चाळणी लागली. दुचाकीवर तिघे असणे हा वाहतूक नियमाचा भंग आहे. पण तेवढ्यावर भरपाई कापता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितले. तिसऱ्या माणसामुळे अपघात झाला किंवा इजा वाढली, हे दाखवावे लागते. आणि ते दाखवण्याचा भार बचाव घेणाऱ्यावर असतो. पंचनाम्यातले टायरचे ठसे, वाहनांची जागा आणि प्रत्यक्षदर्शीचा जबाब यांचे मोल इथे कळते. घरच्यांनी गुन्ह्याच्या नोंदीची आणि पंचनाम्याची नक्कल वेळेत मिळवली, तर ‘चूक तुमचीच’ या एका वाक्याने घाबरून थोडक्या पैशांत तडजोड करण्याची पाळी येत नाही.

घोटीच्या रेल्वे रुळांवर तर हा बचाव चालतच नाही. तिकीट काढलेला प्रवासी गाडीतून पडला तर रेल्वे कायद्याच्या कलम १२४-अ खाली कोणाची चूक होती हे न पाहता भरपाई देय असते. आत्महत्या, जाणूनबुजून करून घेतलेली इजा, नशा, स्वतःचे गुन्हेगारी कृत्य असे मोजके अपवाद आहेत. दारात उभे राहणे किंवा चालत्या गाडीत चढणे हा निष्काळजीपणा असेल, पण जाणूनबुजून केलेली इजा नव्हे, हे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पक्के केले. रस्त्यावरही एप्रिल २०२२ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ खाली चूक सिद्ध न करता मृत्यूसाठी ५ लाख आणि गंभीर दुखापतीसाठी अडीच लाख रुपये मागता येतात. त्याहून अधिक हवे असेल तर कलम १६६ खाली चालकाची चूक सिद्ध करावी लागते, आणि त्या दाव्यात समोरून अजूनही बटरफिल्डच्या घोड्यापासून चालत आलेला तोच बचाव पुढे येतो.