सेवाग्रामची नोट आणि लाखाचं आमिष

मंडळी, परवा काकूंनी डब्यातून दहाची जुनी नोट काढली. म्हणाल्या, "फोन आला होता, लाख रुपये मिळतात म्हणे. फक्त आधी दोन हजार भरायचे."

म्हटलं, काकू, थांबा!

नोट मात्र आपल्या वर्ध्याचीच निघाली. १९६९ साली गांधी जन्मशताब्दीनिमित्त रिझर्व्ह बँकेने काढलेली. बसलेले बापू आणि मागे आपला सेवाग्राम आश्रम.

नुसती जुनी म्हणून नोट महाग होत नाही. संग्राहक आधी तिची अवस्था बघतात. घडी पडली, टाचणीचं भोक पडलं की भाव उतरला. मग क्रमांक आणि सही. या मालिकेत काही नोटांवर एल. के. झा यांची सही आहे, काहींवर बी. एन. आडारकरांची. आडारकर १९७० मध्ये फक्त ४२ दिवस गव्हर्नर होते.

ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच बजावलं आहे: जुन्या नोटांच्या अशा व्यवहारात आम्ही नाही, फी-कमिशन घेत नाही, कुणाला तसा अधिकारही दिलेला नाही.

काकूंच्या नोटेला चार घड्या, दोन भोकं. लाख कसले! पण दोन हजार वाचले, आणि सेवाग्राम पुन्हा डब्यात गेलं.

तुमच्याही घरी बघा. विकायची तर जाणकाराला प्रत्यक्ष दाखवा. आधी पैसे मागणाऱ्याचा फोन मात्र सरळ ठेवून द्या.